वजन कमी करणारी औषधे आणि चक्कर : फुनाबोरी परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

मागे गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत आपल्यातलेच एक गृहस्थ उभ्याउभ्या पांढरे पडले आणि भिंतीला धरून खाली बसले. लगेच निदाने सुरू झाली. कोणी म्हणाले साखर उतरली, कोणी म्हणाले ऊन लागले, कोणाला स्पाँडिलायटिस आठवला. पेढा भरवला, पाणी दिले, दहा मिनिटांत ते उठून बसले. निघताना त्यांनी आमच्यापैकी एकाला बाजूला घेऊन सांगितले, की तीन महिन्यांपासून ते दर आठवड्याला वजनाचे इंजेक्शन घेत आहेत. रक्तदाबाची गोळी मात्र भारतातून आणलेली, जुन्याच मात्रेत चालू होती. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचा पत्ता नव्हता आणि गोळी लिहून देणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना इंजेक्शनचा. घरीही सांगितले नव्हते. का, तर "इंजेक्शनने बारीक झाला" असे कोणी म्हणू नये म्हणून.

त्यानंतर आम्ही चौकशी केली तेव्हा लक्षात आले की अशी औषधे घेणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. त्यातल्या काहींना चक्कर येते आणि बहुतेकांनी ती कोणालाच सांगितलेली नाही. म्हणून हा लेख. यात घाबरवण्याचा हेतू नाही आणि औषधांची जाहिरातही नाही. चक्कर का येते, ती कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखावे, डॉक्टरांना जपानीत कसे सांगावे आणि रोजच्या जगण्यात काय सांभाळावे, एवढेच येथे एकत्र केले आहे.

(महत्त्वाचे : हा लेख माहितीसाठी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही. यातले वाचून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये किंवा मात्रा बदलू नये.)

१. ही औषधे कोणती?

आपले आतडे जेवणानंतर जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडते. त्याने पोट भरल्याची जाणीव मेंदूला होते आणि जठर हळू रिकामे होते. नवी इंजेक्शने या संप्रेरकासारखेच, पण कितीतरी जास्त वेळ काम करतात. आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात.

जपानमध्ये वजनासाठी वेगोव्ही (सेमाग्लूटाइड) फेब्रुवारी २०२४ पासून आणि झेपबाउंड (टिर्झेपाटाइड) एप्रिल २०२५ पासून मिळते. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. हीच द्रव्ये मधुमेहासाठी ओझेम्पिक आणि मौन्जारो या नावांनी येतात, सेमाग्लूटाइडची गोळी रिबेल्सस नावाने. भारतात मौन्जारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये आले. तेव्हापासून इकडे भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या सामानातही ही पेने दिसू लागली आहेत.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या दोन गोष्टींचाही उल्लेख हवा.

- आल्ली (ऑर्लिस्टॅट) : एप्रिल २०२४ पासून, फार्मासिस्टने समजावून सांगितल्यावरच मिळणारी गोळी. ती चरबी शोषू देत नाही. तिचा मुख्य त्रास तेलकट शौचाचा असतो, चक्करेचा नाही.
- बोफू-त्सुशो-सान : पोटाच्या चरबीसाठी सर्रास घेतले जाणारे कांपो औषध. "जडीबुटीच आहे" म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्यात माओ (एफेड्रा) असते, ज्याने छाती धडधडते आणि रक्तदाब वाढू शकतो. दायओ (रेवाचिनी) असते, ज्याने जुलाब होतात. कांझो (ज्येष्ठमध) असते, ज्याने जास्त दिवस घेतल्यास पोटॅशियम उतरू शकते. या तिन्हींतून चक्कर येऊ शकते. इंजेक्शनबरोबर हे स्वतःहून जोडू नये.

२. चक्कर किती जणांना येते?

वेगोव्हीच्या अमेरिकेतील माहितीपत्रकानुसार चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ८ जणांनी चक्कर येत असल्याचे सांगितले. खोटे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ होते. टिर्झेपाटाइडसाठी आकडे साधारण ४ ते ५ आणि २ असे आहेत. मळमळ याहून कितीतरी जास्त, वेगोव्हीवर १०० पैकी ४४ जणांना.

याचा अर्थ दोन प्रकारे घ्यावा. एक म्हणजे चक्कर येणे ही दुर्मिळ गोष्ट नाही, तुम्ही एकटे नाही. दुसरे म्हणजे औषध न घेणाऱ्यांनाही ती येतेच, तेव्हा प्रत्येक चक्कर इंजेक्शनमुळेच असे धरून दुसरे कारण नजरेआड करू नये.

३. सगळी चक्कर एक नसते

आपल्या मराठीत यासाठी कितीतरी शब्द आहेत : चक्कर, घेरी, भोवळ, गरगरणे, अंधारी, झोक जाणे. घरात आपण ते कसेही वापरतो. डॉक्टरांपुढे मात्र हा फरकच सगळ्यात उपयोगी पडतो. जपानीतही तसेच वेगवेगळे शब्द आहेत आणि इथले डॉक्टर नेमके तेच विचारतात. खालील यादी छापून फ्रिजवर लावावी.

- उठताना डोळ्यांपुढे अंधारी : ताचिकुरामी. बहुधा पाणी कमी पडले आहे किंवा रक्तदाब उतरला आहे.
- घर गरगर फिरते, कूस बदलली की सुरू होते : गुरुगुरु (मे गा मावारु). बहुधा कानातले कारण. यासाठी जिबिका, म्हणजे कान-नाक-घसा विभागात जावे.
- डोके हलके, तरंगल्यासारखे : फुवाफुवा. उपाशी राहणे, रक्त कमी असणे, झोप न होणे, मनावरचा ताण.
- चालताना तोल जातो, पाय लटपटतात : फुराफुरा. अशक्तपणा, पण वयस्कर माणसांत नवीनच सुरू झाले असेल तर लगेच दाखवावे.
- घाम, थरथर, धडधड, कासावीस भूक : तेइकेत्तो, म्हणजे रक्तातील साखर उतरणे.
- शुद्ध हरपली : शिश्शिन. काही सेकंदांपुरती हरपली तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

चक्करेसाठी एकच सामान्य शब्द हवा असेल तर मेमाई. "मेमाई गा शिमासु" म्हणजे "मला चक्कर येते".

४. कारणे : एकेक करून

पाणी आणि मीठ. आपल्या लक्षात येत नाही, पण पोटात जाणारे बरेच पाणी जेवणातून जाते. आमटी, वरण, कढी, ताक, फळे. जेवण निम्मे झाले की हे पाणीही निम्मे होते आणि त्याबरोबर मीठही. मळमळीमुळे पाणी नकोसे होते. त्यात उलटी किंवा जुलाब झाले तर अंगातले पाणी झपाट्याने उतरते. उभे राहताना येणाऱ्या अंधारीचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच.

रक्तदाबाच्या गोळ्या. वजन उतरले की रक्तदाबही उतरतो. ही चांगलीच गोष्ट आहे, पण ९० किलोच्या माणसासाठी ठरवलेली गोळी ७८ किलोच्या माणसाला जास्त होऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी उतरते. प्रोस्टेटसाठी आपले काका-आजोबा घेतात ती तामसुलोसिनही उभे राहताना दाब उतरवू शकते. गणेशोत्सवातल्या त्या गृहस्थांचे कारण हेच निघाले. डॉक्टरांनी इंजेक्शन तसेच ठेवले आणि रक्तदाबाची गोळी निम्मी केली.

साखर उतरणे. ज्यांना मधुमेह नाही त्यांची साखर या इंजेक्शनांनी एकट्याने धोकादायक उतरणे क्वचितच घडते. पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या असतील तर धोका खरा आहे. भारतात मिळणाऱ्या जोडगोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असतात. नाव मेटफॉर्मिनचे लक्षात राहते, ग्लिमेपिराइड विसरले जाते. पाकिटावरची सगळी नावे वाचावीत.

येथे एक बारकावा फार महत्त्वाचा. त्याच पाकिटावर तिसरे नाव व्होग्लिबोस असेल (हे औषध जपानमध्येच शोधले गेले, आणि अकार्बोसही त्याच गटातले), तर साधी साखर किंवा पेढा लवकर काम करत नाही, कारण ही औषधे साखरेचे पचनच लांबवतात. अशा वेळी शुद्ध ग्लुकोज लागते. जपानमध्ये त्याला बुदोतो म्हणतात आणि औषधांच्या दुकानात पुड्या किंवा वड्या मिळतात. अशी औषधे घेणाऱ्याच्या खिशात, पर्समध्ये आणि घरी बुदोतो असलेच पाहिजे.

रक्त आणि जीवनसत्त्वे. शाकाहारी मंडळींत ब-१२ कमी असणे नवे नाही. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यानेही ते उतरते. स्त्रियांमध्ये लोह कमी असते. जेवण निम्मे झाल्यावर ही कमतरता वर येते. वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन पाहिले जाते, ब-१२ मात्र सहसा मुद्दाम मागावे लागते.

कान. कानाच्या आतले सूक्ष्म खडे जागा सोडून हलले की कूस बदलताच जग फिरते. ही चक्कर बहुधा मिनिटभराच्या आत थांबते, पण पुन्हापुन्हा येते. डोके ठराविक क्रमाने वळवून डॉक्टर ते खडे जागेवर आणतात. याचा इंजेक्शनशी संबंध नसतो आणि पाणी पिऊन ती जात नाही.

गर्भारपण. हे लिहिणे गरजेचे वाटते. वजन उतरल्यावर, विशेषतः पीसीओएस असलेल्या स्त्रियांत, अनपेक्षितपणे दिवस राहू शकतात. टिर्झेपाटाइड चालू करताना आणि मात्रा वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. चक्कर आणि मळमळ ही दोन्हींची लक्षणे सारखीच. शंका असेल तर आधी चाचणी करावी. ही इंजेक्शने गर्भारपणात घेत नाहीत. सेमाग्लूटाइड तर मूल हवे असेल त्याच्या किमान दोन महिने आधी थांबवतात, कारण औषध शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात.

५. चक्कर आली की लगेच काय करावे?

१) जिथे असाल तिथे बसा. शक्य असेल तर आडवे व्हा आणि पाय उशीवर ठेवा. "घरी पोचू मग बघू" असे करू नका.

२) मधुमेहाचे औषध चालू असेल तर साखर मोजा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा मोजायला यंत्र नसेल आणि घाम-थरथर असेल, तर शुद्धीवर असताना १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण १५० मिली गोड रस घ्या (व्होग्लिबोस किंवा अकार्बोस चालू असेल तर ग्लुकोजच). १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, पेढाही नाही.

३) घोटघोट पाणी प्या. उलटी-जुलाब झाले असतील तर क्षारयुक्त पाणी, जपानीत केइको होसुइएकी, जास्त चांगले. खेळाडूंसाठीच्या गोड पेयांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

४) रक्तदाब मोजा. पाच मिनिटे बसून एकदा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हा एक कागद दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो, आणि त्याला भाषेची अडचण नाही. उभे राहून मोजताना शेजारी कोणीतरी असू द्यावे.

लगेच ११९ कधी? छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, कधी नव्हे इतकी डोकेदुखी, शुद्ध परत न येणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी, पाठीकडे जाणारी न थांबणारी तीव्र पोटदुखी. फोनवर पहिला शब्द "क्यूक्यू देसु" (रुग्णवाहिका हवी), मग पत्ता. आपला पत्ता जपानीत बोलता येईल असा लिहून फोनजवळ ठेवावा. येथे रुग्णवाहिका बोलावल्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून संकोच नको. ११९ करावे की नाही अशी शंका असेल तर तोक्योत #७११९ वर नर्स आणि डॉक्टरांचा सल्ला मिळतो.

दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी नाइका, म्हणजे सामान्य वैद्यकीय विभागात जावे.

६. रोजच्या जगण्यात

मात्रा वाढताना. इंजेक्शनची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. वेगोव्हीची सुरुवात ०.२५ मिलीग्रॅमने होते आणि साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. त्रास बहुधा मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत जास्त असतो. त्या दिवसांत लांबचा प्रवास, ट्रेक, उपास ठेवू नये. चक्कर येत असेल तर "पुढची मात्रा थोडी थांबवू का?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. तो तुमचा पराभव नाही. कमी मात्रेवरही अनेकांचे वजन उतरते.

जेवण. भूक नाही म्हणून फक्त चहा-बिस्किटावर दिवस काढू नये. थोडे थोडे, चार-पाच वेळा, आणि आधी प्रथिने : अंडे, दही, तोफू, मुगाचे वरण, मासे. काहीच जात नसेल तेव्हा आपली पेज आठवावी. जपानी ओकायु म्हणजे आपली पेजच, तयार पाकिटांत सगळीकडे मिळते. वर चिमूटभर मीठ, लिंबाचे लोणचे किंवा उमेबोशी. तळलेले आणि खूप तेलकट पदार्थ जठरात जास्त रेंगाळतात आणि मळमळ वाढवतात.

उपास. आपल्यात एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र हे सगळे पाळणारे आहेत. फुनाबोरीतील इस्कॉन मंदिरामुळे एकादशीची आठवण राहतेही. आमचे म्हणणे एवढेच, की इंजेक्शन चालू असताना निर्जळी उपास करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच उपास करू नये. ताक, फळे, राजगिरा, शेंगदाणे घेऊनही उपास होतो. सकाळी काहीच नाही आणि संध्याकाळी ताटभर साबुदाणा खिचडी, हा प्रकार या औषधांवर सगळ्यात जास्त बाधतो.

स्नान. जपानी ओफुरो हे चक्कर येऊन पडण्याचे मोठे ठिकाण आहे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो, आणि आपण एकदम उभे राहतो. जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाचा सल्ला असा : पाणी ४१ अंशांपर्यंतच, आत बसणे १० मिनिटांपर्यंतच, आणि बाहेर येताना एकदम उठू नये. हिवाळ्यात कपडे बदलण्याची जागा आधी गरम करावी. स्नानाआधी आणि नंतर पाणी प्यावे. घरी कोणी असेल तेव्हाच ओफुरोत बसावे आणि "मी आत जातोय" असे सांगून जावे.

रेल्वे. सकाळी फुनाबोरीहून शिंजुकू लाइनवर उभ्याने जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. नाश्ता न करता निघू नये. पाण्याची बाटली बरोबर असावी. गर्दीत अंधारी येऊ लागली तर पुढच्या स्थानकावर उतरून बाकावर बसावे. उभे राहावेच लागले तर पोटऱ्या आवळत-सोडत राहाव्यात, त्याने रक्त वर ढकलले जाते. त्रास बरेच दिवस चालणार असेल तर लाल रंगाचा हेल्प मार्क तोएइच्या स्थानकांवर मिळतो. बाहेरून न दिसणारा त्रास असलेल्यांसाठी तो तोक्यो महानगर प्रशासनाने २०१२ मध्ये सुरू केला.

सायकल आणि गाडी. पुढे-मागे मुले बसवून सायकल चालवणाऱ्या आईबाबांना आमची कळकळीची विनंती : चक्कर येत असलेल्या दिवसांत मुलांना चालत न्या. गाडीचेही तेच. आजारपण किंवा औषधाच्या परिणामामुळे नीट चालवता येत नसताना वाहन चालवणे जपानी कायद्यानेही मना आहे.

व्यायाम. चालणे थांबवू नये. शिनकावाच्या काठचा रस्ता सपाट आहे, बसायला जागा आहे, त्रासाच्या दिवसांत तेवढेच पुरे. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर. पाणी कमी पडलेल्या शरीराला नेच्च्यूशो, म्हणजे उष्माघात, लवकर होतो. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी वेग कमी करावा, कारण खाली वाकून पटकन वर येण्यातच झोक जातो.

मद्य. ऑफिसच्या नोमिकाईत रिकाम्या पोटी बिअर घेणे टाळावे. मद्याने लघवी वाढते, दाब उतरतो आणि मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखरही उतरते.

७. जपानी व्यवस्थेचा उपयोग कसा करावा?

ओकुसुरी तेच्यो. औषधांची ही छोटी वही प्रत्येक औषध-दुकानात मिळते. अडचण अशी, की त्यात फक्त इथली औषधे चिकटवली जातात. भारतातून आणलेल्या गोळ्या, कांपो आणि आयुर्वेदिक औषधे आपणच त्यात लिहायला हवीत. ब्रँडचे नाव इथल्या फार्मासिस्टला कळत नाही, म्हणून पाकिटावरचे मूळ द्रव्याचे नाव आणि मिलीग्रॅम लिहावेत, जमल्यास पाकिटाचा फोटो दाखवावा. दोन डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत नसणे हा आमच्या मते या सगळ्यातला सर्वात मोठा धोका आहे आणि ही वही त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

विमा. आरोग्य विम्यातून वजनासाठी ही इंजेक्शने सगळ्यांना मिळत नाहीत. उच्च रक्तदाब, रक्तातील चरबीचा दोष किंवा टाइप २ मधुमेह असावा लागतो. शिवाय बीएमआय ३५ वर, किंवा २७ वर आणि स्थूलतेशी संबंधित दोन तरी आजार, अशी अट आहे. आधी आहार आणि व्यायामाचे प्रयत्न झालेले असावे लागतात आणि औषध ठराविक रुग्णालयांतूनच मिळते. अटी कडक वाटतात, पण त्यामुळे आहारतज्ज्ञाची भेट आणि तपासण्या आपोआप होतात, आणि चक्करेसारखा त्रास लवकर पकडला जातो.

स्वतःच्या पैशाने ऑनलाइन. फोनवरून पाच मिनिटांत मधुमेहाची इंजेक्शने वजनासाठी पाठवणारी केंद्रेही आहेत. जपानच्या मधुमेह संघटनेने अशा वापराविरुद्ध जाहीर इशारा दिलेला आहे. शिवाय जपानमध्ये औषधाच्या गंभीर दुष्परिणामांसाठी १९८० पासून सरकारी नुकसानभरपाईची योजना आहे. ती औषध योग्य कारणासाठी आणि योग्य रीतीने वापरले असेल तरच लागू होते. स्वतः परदेशातून आणलेल्या औषधाला ती मिळत नाही.

भारतातून आणताना. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे स्वतःसाठी साधारण एका महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगीपत्र, युन्यू काकुनिन-शो, घ्यावे लागते. दुसऱ्यासाठी आणणे किंवा मित्राला "एक पेन देणे" यात पडू नये.

तपासणीच्या दिवशी. वार्षिक तपासणीला उपाशी जायचे असते, रक्तही काढतात. चक्कर येते हे नर्सला आधी सांगितले तर त्या आडवे झोपवून रक्त घेतात. पोटाच्या कॅमेऱ्याआधी इंजेक्शन चालू असल्याचे जरूर सांगावे, कारण जठर वेळेत रिकामे झालेले नसू शकते.

८. काही नेहमीचे प्रश्न

*चक्कर येते, म्हणून इंजेक्शन बंद करू का?*
स्वतःहून नको, पण गप्पही बसू नका. पुढच्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना फोन करा. लक्षात ठेवा, औषधाचा अर्धा भाग उतरायलाच सेमाग्लूटाइडला सुमारे एक आठवडा लागतो. आज बंद केले तर उद्या बरे वाटेल असे नसते.

*किती दिवस चालेल?*
पाणी-जेवणाशी संबंधित चक्कर शरीर सरावले आणि पाणी-जेवण सांभाळले की बहुधा काही आठवड्यांत कमी होते. वाढत गेली, किंवा मात्रा न वाढवताही नव्याने सुरू झाली, तर दुसरे कारण शोधावे.

*आईबाबा भेटीला येणार आहेत. काय पाहावे?*
आल्या आल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून यादी करा. रक्तदाब बसून आणि उभे राहून मोजा. रात्री बाथरूमला जाण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, पलंगावरून उठताना आधी मिनिटभर काठावर बसायची सवय लावा. भेटीच्या व्हिसावर येणाऱ्यांना जपानचा आरोग्य विमा मिळत नाही, म्हणून प्रवास विम्यात जुने आजार धरले आहेत का हे निघण्याआधीच पाहावे. उतारवयात चक्करेपेक्षा पडणे महाग पडते.

*बाकीच्यांना कशाला सांगायचे?*
सगळ्यांना नका सांगू. पण घरातल्या एकाला आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा.

शेवटी थोडेसे

आपण देशापासून दूर राहतो. चक्कर येऊन कोणी पडले तर पहिला धावणारा शेजारी जपानी असेल, किंवा आपल्यातलाच कोणी. त्याला काय माहीत असेल, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. वजन कमी करण्यासाठी औषध घेणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. रक्तदाबाची गोळी घेताना आपण कोणापासून लपवतो का? मग हे का लपवावे? त्या दिवशी रांगेत पेढा पुढे करणाऱ्यांचे प्रेम खरेच होते. पण त्या गृहस्थांना गरज होती ती पाण्याची, आडवे होण्याची आणि कोणाला तरी खरे माहीत असण्याची.

ते आता ठणठणीत आहेत, आणि हा प्रसंग लिहायला त्यांनीच परवानगी दिली. "नाव नका घालू, पण बाकी सगळं लिहा," असे म्हणाले. वहिनींनाही आता सगळे माहीत आहे, आणि ओकुसुरी तेच्यो त्यांच्याच पर्समध्ये असते.

हा लेख उपयोगी वाटल्यास छापून घरातल्या मोठ्यांना जरूर द्यावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
संपादक मंडळ